'फ्युरान'चं पूर्ण नाव काय? रिंगमधल्या ऑक्सिजनचं बारसं

आजचा भाग ऐकताना जमलं तर एक कागद आणि पेन जवळ ठेवा. बसमध्ये असाल, एका हाताने दांडा धरला असेल, तरी हरकत नाही. आज आपल्याला दहापर्यंतच मोजायचं आहे, बोटांवर भागेल.

विषय आहे सायक्लिक ईथर. मराठीत वलयी ईथर. बारावीच्या केमिस्ट्रीत 'अल्कोहोल्स, फिनॉल्स अँड ईथर्स' नावाचा धडा आहे, त्यात हे येतात आणि पटकन जातात. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या पोरांना अकरावीत अचानक ऑक्सिरेन, ऑक्सोलेन, डायऑक्सेन असले शब्द समोर येतात, आणि मग एकच उपाय उरतो, घोकंपट्टी. मला विचाराल तर हा उपाय फालतू आहे. या नावांमागे एक सिस्टीम आहे, आणि ती आपल्या रोजच्या कोडिंगपेक्षा सोपी आहे. मी सॉफ्टवेअरवाला आहे, केमिस्ट नाही. पण व्हेरिएबलला नाव काय द्यायचं यावर दिवसदिवस वाद घालणाऱ्या जमातीतला आहे, म्हणून या विषयात मला रस.

आणि हे फक्त परीक्षेपुरतं नाही. महागाव तालुक्यातल्या कुठल्याही कृषी केंद्राच्या फळीवर बघा. कापसावरच्या तुडतुड्यांसाठी, पांढऱ्या माशीसाठी 'डायनोटेफ्युरान'. जमिनीतून द्यायच्या दाणेदार औषधात 'कार्बोफ्युरान'. दोन्हींच्या नावात फ्युरान. मग दोन्ही भाऊ-भाऊ का? दोन्हींचं विष सारखं का? दोन्हींवर उपचार एकच का? तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' आहे, आणि ते का, हे नाव फोडल्याशिवाय कळत नाही. तिथपर्यंत आपण जाऊ. आधी पाया.

ईथर म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू, दोन्ही बाजूंना कार्बन. हात धरून मधे उभा. आता त्या दोन्ही बाजूंचे कार्बन पुढे जात जात एकमेकांना भेटले, फेर पूर्ण झाला, की तो सायक्लिक ईथर. फुगडीत दोघी असतात, झिम्म्यात जास्त. फेरात किती जणी आहेत त्यावर नाव ठरतं. बस, एवढंच तत्त्व.

नाव द्यायची ही पद्धत दोन माणसांच्या नावाने ओळखतात. जर्मनीतले आर्थर हांट्श, १८८७, आणि स्वीडनचे ओस्कार विडमन, १८८८. दोघांनी वेगवेगळं काम केलं, वर्षाच्या अंतराने, आणि पद्धत आज हांट्श-विडमन म्हणून आयुपॅकच्या नियमांत आहे.

पद्धत अशी. रिंगमध्ये ऑक्सिजन आहे, म्हणून सुरुवात 'ऑक्सा'. नंतर रिंगमध्ये एकूण अणू किती, त्याचा तुकडा. तीन असतील तर 'इर'. चार, 'एट'. पाच, 'ओल'. सात, 'एप'. आठ, 'ओक'. नऊ, 'ऑन'. दहा, 'एक'. आणि शेवटी रिंगमध्ये डबल बाँड नसतील, म्हणजे ती संतृप्त असेल, तर 'एन', इंग्रजीतला ए-एन-ई.

आता हे तुकडे आकाशातून पडले नाहीत. ट्राय मधला 'ट्र' उलटापालटा करून 'इर'. टेट्रा मधला 'एट'. हेप्टा मधला 'एप'. ऑक्टा मधला 'ओक'. नोना मधला 'ऑन'. डेका मधला 'एक'. म्हणजे ग्रीक-लॅटिन आकड्यांचे लचके तोडून घेतलेत. सहाचा मामला जरा वेगळा आहे, तिथे आकड्याचा तुकडाच नाही, थेट 'एन' लागतो, आणि नाव होतं ऑक्सेन. ऑक्सा आणि इरेन जोडताना मधला 'आ' गळतो. आपल्या संधीसारखंच. ऑक्सा अधिक इरेन, ऑक्सिरेन.

म्हणून तीनची रिंग ऑक्सिरेन, चारची ऑक्सेटेन, पाचची ऑक्सोलेन, सहाची ऑक्सेन, सातची ऑक्सेपेन. नंबर देताना ऑक्सिजनला नेहमी एक नंबर. पाटलाला पहिला मान. मग बाकीच्यांना अशा दिशेने मोजायचं की फांद्यांचे आकडे लहानात लहान येतील.

झालं. नियम संपला. आता एकेका रिंगकडे जाऊ, आणि सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नाहीत.

तीनची रिंग. दोन कार्बन, एक ऑक्सिजन. हिची नावं मोजा. ऑक्सिरेन. इथिलीन ऑक्साइड. इपॉक्सीइथेन. ईओ. ईटीओ. पाचही नावं एकाच वायूची. १८५९ मध्ये फ्रान्सच्या शार्ल-आदोल्फ वुर्त्झ यांनी तो पहिल्यांदा तयार केला. उकळबिंदू साधारण ११ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याकडच्या हवेत तो वायूच. इंजेक्शनच्या सिरिंजचं पाकीट बघा, बऱ्याचदा त्यावर बारीक अक्षरात 'स्टराइल ईओ' असा शिक्का असतो. तो ईओ म्हणजे हाच. जंतू मारायला जबरदस्त.

का मारतो, ते नावात आहे. 'इर' म्हणजे तीन. कार्बनला हात पसरायला साधारण १०९ अंशांची जागा लागते, आणि इथे त्रिकोणात त्याला ६० अंशांत कोंबलंय. रिंग सतत ताणलेली. संधी मिळाली की फुटते आणि समोरच्याला चिकटते. समोर जंतूचा डीएनए असेल तर त्याला. समोर माणसाचा असेल तर त्यालाही. म्हणून कर्करोगावर काम करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने हा वायू गट १ मध्ये ठेवलाय, म्हणजे माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध झालेल्यांच्या यादीत.

आता ही बातमी आठवा. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडला. ऑक्टोबरमध्ये युरोपियन युनियनने नियम केला की भारतातून येणाऱ्या तिळाच्या निम्म्या खेपा तपासूनच आत घ्यायच्या. मग एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने आपल्याकडच्या नावाजलेल्या मसाल्यांवर याच कारणाने बोट ठेवलं. तीळ आणि हळद पिकवणाऱ्या आपल्या पट्ट्यात ही बातमी लोकांनी नीट ऐकली असेलच.

पण यातली एक बारीक गोष्ट बातम्यांत आली नाही. युरोपची तिळासाठीची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि ती एकट्या इथिलीन ऑक्साइडची नाही. ती इथिलीन ऑक्साइड आणि २-क्लोरोइथेनॉल यांची बेरीज आहे. का? कारण ती ताणलेली रिंग धान्यातल्या क्लोराइडला भेटली की फुटते आणि २-क्लोरोइथेनॉल होतं. म्हणजे वायू उडून गेला, रिंग राहिलीच नाही, तरी तिची खूण मागे राहते. लॅबच्या रिपोर्टमध्ये हे दुसरं नाव वाचून कोणी म्हणेल, 'हे तर वेगळंच केमिकल आहे, आम्ही हे कधी वापरलंच नाही.' वापरलं नसेल, पण ते त्याच रिंगचं कलेवर आहे.

आणखी एक घोळ इथेच मिटवू. इथिलीन आणि इथिलीन ऑक्साइड हे दोन वेगळे वायू आहेत. केळी, आंबे पिकवायला इथिलीन वापरायची परवानगी आहे, एफएसएसएआयने १०० पीपीएमपर्यंतची मर्यादा दिलीय. त्यात ऑक्सिजन नाही, रिंग नाही. व्हॉट्सॲपवर कोणी 'केळ्यात इथिलीन, कॅन्सर' असं पाठवलं तर त्याला एवढं एक वाक्य उत्तर म्हणून पाठवा.

ऑक्सिरेनच्या नावाला तुम्ही घरीही भेटता. पाइपची, टाकीची गळती बुजवायला दोन रंगांची लगदी मळून लावतो ना, ती इपॉक्सी. इपॉक्सी म्हणजे तीच तीनची रिंग, मोठ्या रेणूच्या दोन टोकांना लावलेली. मळल्यावर रिंगा फुटतात, एकमेकांना धरतात, आणि दगड होतो. आणि ऑक्सिरेनमध्ये पाणी टाकलं की इथिलीन ग्लायकॉल होतं, त्यापासून पॉलिस्टर. आपल्या कापसाचा सगळ्यात मोठा स्पर्धक कोण? पॉलिस्टर. तो या तीन अणूंच्या रिंगेतून आलाय.

चारची रिंग, ऑक्सेटेन. तिचं एकच सांगतो. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध, त्याच्या अवाढव्य रेणूत एका कोपऱ्यात ही चौकोनी रिंग बसलीय. पुढे.

पाचची रिंग. इथे थांबायचंय.

नियमाने हिचं नाव ऑक्सोलेन. पण तुम्ही प्लंबरला, शेतात पीव्हीसी पाइप जोडणाऱ्याला विचारा. पाइप जोडायचं सोल्यूशन उघडलं की जो डोक्यात जाणारा वास येतो, त्यात बऱ्याचदा हेच असतं. डब्यावर नाव असतं टेट्राहायड्रोफ्युरान, टीएचएफ. आयुपॅकच्या २०१३ च्या शिफारशींत ऑक्सोलेनला पहिली पसंती आहे, टेट्राहायड्रोफ्युरान चालतं म्हणून ठेवलंय. प्रत्यक्षात सगळं जग टीएचएफच म्हणतं. सरकारी कागदावर एक नाव आणि गावात दुसरं, हे आपल्याला काही नवीन नाही.

आणि हा फ्युरान आला कुठून? लॅटिनमध्ये 'फुरफुर' म्हणजे कोंडा. खरंच, धान्याचा कोंडा. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या डोबराइनर यांना एका प्रयोगात थोडंसं तेल मिळालं, पुढे ते कोंड्यापासून भरपूर बनवता येतं हे कळलं, म्हणून नाव पडलं फुरफुराल, आजचं फरफ्युराल. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या क्वेकर ओट्स कंपनीने ओट्सच्या टरफलांपासून ते मोठ्या प्रमाणात बनवायला सुरुवात केली. ऊस गाळून उरलेलं चिपाड, मक्याची बुरकुंडं, कापूस वेचून झाल्यावर उभी राहिलेली पऱ्हाटी, या सगळ्यांत झायलन नावाची साखरेची साखळी असते, ॲसिडमध्ये तापवली की फरफ्युराल देते. म्हणजे आपण बांधावर जाळतो त्या पऱ्हाटीत फ्युरान दडलेला आहे, नावासकट. फ्युरान या शब्दाचा मराठी अर्थच 'कोंड्यातला' असा होतो. हे मला बारावीत कोणी सांगितलं असतं तर आयुष्यभर लक्षात राहिलं असतं.

तर फ्युरान म्हणजे पाचची रिंग, पण दोन डबल बाँड असलेली. हांट्श-विडमनच्या हिशेबाने तिचं नाव 'ऑक्सोल' व्हायला हवं. पण फ्युरान हे नाव इतकं रुळलं होतं की नियम करणाऱ्यांनी ते तसंच ठेवलं. त्याला चार हायड्रोजन दिले, दोन्ही डबल बाँड मोडले, की टेट्रा-हायड्रो-फ्युरान. दोनच दिले, एक डबल बाँड मोडला, की डायहायड्रोफ्युरान. नावातच गणित.

आता कार्बोफ्युरान. कागद घ्या. पूर्ण नाव असं: २,२-डायमिथिल-२,३-डायहायड्रो-१-बेंझोफ्युरान-७-इल मिथिलकार्बामेट.

घाबरू नका. याला मी कोडची एक लांब ओळ समजतो, आणि अशी ओळ वाचायची ती शेवटून.

शेवटी काय? मिथिलकार्बामेट. हा मालाचा प्रकार. हे डोक्यात ठेवा, सगळ्यात महत्त्वाचा शब्द हाच.

त्याच्या आधी '७-इल'. म्हणजे तो कार्बामेट एका सांगाड्याच्या सात नंबरच्या खुंटीला टांगलाय.

सांगाडा कुठला? १-बेंझोफ्युरान. फ्युरानची पाचची रिंग आणि बेंझिनची सहाची रिंग, भिंतीला भिंत लावून बांधलेली दोन घरं. ऑक्सिजन एक नंबरला. पुढे दोन, तीन. मग सामाईक भिंतीचा पहिला खांब येतो, त्याला स्वतंत्र नंबर नाही, त्याला '३ए' म्हणतात. मग चार, पाच, सहा, सात, आणि दुसरा खांब '७ए'. आता बघा, सात नंबरच्या बाजूला ७ए आणि ७एला चिकटून एक नंबरचा ऑक्सिजन. म्हणजे कार्बामेट ऑक्सिजनच्या अगदी शेजारच्या घरात.

'२,३-डायहायड्रो': दोन आणि तीन नंबरमधला डबल बाँड काढून टाकला. '२,२-डायमिथिल': दोन नंबरवर दोन मिथिल बसवले.

संपलं. एवढ्या माहितीवर तुम्ही हा रेणू कागदावर काढू शकता, आणि जपानमधला माणूस, ब्राझीलमधला माणूसही अगदी तोच काढेल. एका अणूचाही फरक पडणार नाही. यालाच मी चांगलं नाव म्हणतो.

आता डायनोटेफ्युरान फोडा. त्यात फ्युरान म्हणून जे आहे ते खरं तर टेट्राहायड्रोफ्युरान, डबल बाँड नसलेलं. आणि ते टांगलंय नायट्रोग्वानिडीन नावाच्या गटाला. कार्बामेटचा पत्ताच नाही. हे निओनिकोटिनॉइड कुळातलं औषध.

गंमत बघा. कार्बोफ्युरानमध्ये फ्युरान आहे तो अर्धवट आणि बेंझिनला चिकटलेला. डायनोटेफ्युरानमधला पूर्ण संतृप्त. दोघांच्याही आडनावात फ्युरान, आणि खराखुरा फ्युरान दोघांतही नाही! उलट ॲसिडिटीवरची रॅनिटिडीनची गोळी, वर्षानुवर्षं घराघरात खाल्ली गेली, तिच्यात अस्सल फ्युरान रिंग आहे आणि नावात त्याचा मागमूस नाही. व्यापारी सोयीची छोटी नावं अशीच असतात.

विष फ्युरानमध्ये नाही. कार्बोफ्युरानचं विष 'कार्बो'त आहे, म्हणजे कार्बामेटमध्ये. हा गट आपल्या नसांमधल्या कोलिनएस्टरेज नावाच्या एन्झाइमला अडवतो. मग लाळ, डोळ्यांतून पाणी, घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास कोंडणं. डॉक्टर ॲट्रोपिन देतात. डायनोटेफ्युरानला असा ठरावीक उतारा नाही, लक्षणं बघून उपचार करतात. म्हणजे 'काहीतरी फ्युरान होतं' एवढं सांगून दवाखान्यात भागत नाही. पहिला अर्धा शब्द हवा.

हे मी पुस्तकी म्हणून बोलत नाही. २०१७ चा फवारणीचा हंगाम यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, राज्य सरकारने चौकशीसाठी विशेष पथक नेमलं. त्या वेळी चर्चेत असलेली औषधं वेगळी होती, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायफेन्थियुरॉन. यांतलं एकही सायक्लिक ईथर नाही, हे स्पष्ट सांगतो, उगाच ओढून आणत नाही. पण प्रश्न नावाचाच होता. दोन-तीन औषधं एकत्र करून पंपात टाकलेली. फवारणारा मजूर रोजाने आलेला, बाटली मालकाच्या घरी. बाटलीवर मोठ्या अक्षरात ब्रँड, आणि एकाच औषधाचे ब्रँड कितीतरी. शुद्धीवर नसलेल्या माणसासोबत आलेल्याने डॉक्टरांना काय सांगायचं? 'निळ्या बाटलीतलं औषध'?

म्हणून नावाच्या शेपटाकडे बघायची सवय लावा. शेवटी 'फॉस' असेल, तर बहुतेक ऑर्गनोफॉस्फेट. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस. लांब नावाच्या शेवटी 'कार्बामेट' असेल, तर कार्बामेट. ब्रँडखाली बारीक अक्षरात जे टेक्निकल नाव टक्केवारीसकट छापलेलं असतं, तेच खरं नाव. घरी फवारणी असेल तर सकाळीच मोबाइलवर त्या लेबलचा फोटो काढून ठेवा, फवारणाऱ्याच्या फोनवरही पाठवा. कोणाला त्रास झाला तर १०८ ला फोन, आणि बाटली किंवा पाकीट सोबत. आईवडिलांना बारीक अक्षर दिसत नाही. तुम्हाला दिसतं.

कार्बोफ्युरानचं आणखी एक. २०२३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने त्याची ३ टक्के एन्कॅप्सुलेटेड दाणेदार सोडून बाकी सगळी रूपं बंद झाली. दाणेदार म्हणजे जमिनीत द्यायचं. पाण्यात विरघळवून फवारायचं नाही, कोणी काहीही सांगो. पक्ष्यांना तर दाणा बियाण्यासारखा दिसतो, आणि लहान पाखराला एक दाणाही पुरतो.

बरं, जड झालं जरा. सहाच्या रिंगकडे जाऊ.

सहाच्या रिंगमध्ये एकमेकांसमोर दोन ऑक्सिजन बसवले की १,४-डायऑक्सेन. 'डाय' दोन, 'ऑक्स' ऑक्सिजन, 'एन' संतृप्त. आता शेवटचा 'एन' काढून 'इन' लावा. डायऑक्सिन. एका स्वराचा फरक, रिंग डबल बाँडवाली झाली. बातम्यांत ज्या विषारी 'डायऑक्सिन्स'बद्दल ऐकता, १९७६ मध्ये इटलीत सेव्हेसोला कारखान्यातून जे बाहेर पडलं, ते या दुसऱ्या नावाच्या रिंगला दोन्ही बाजूंनी बेंझिन आणि वर क्लोरीन लावून बनलेलं. आणि पहिला, डायऑक्सेन, तो शाम्पूच्या पुडीत अगदी अल्प प्रमाणात मिळू शकतो. पुडीवर 'सोडियम लॉरेथ सल्फेट' वाचा. त्यातला 'एथ' सांगतो की हा साबण इथिलीन ऑक्साइड लावून बनवलाय, आणि ते करताना डायऑक्सेन थोडा थोडा तयार होतो. तोही चांगला नाहीच, पण डायऑक्सिनशी त्याची तुलना म्हणजे मांजराला वाघ म्हणण्यासारखं. ॲन्सर की मध्ये एक अक्षर चुकलं तर एक मार्क जातो. बातमीत चुकलं तर गावभर अफवा.

एका ऑक्सिजनची, डबल बाँडवाली सहाची रिंग म्हणजे पायरान. त्यावरून ब्रिटनच्या नॉर्मन हॉवर्थ यांनी साखरेच्या रिंगांना नावं दिली, सहाची ती पायरानोज, पाचची ती फ्युरानोज. १९३७ चं नोबेल त्यांना मिळालं. कडक शास्त्रात साखरेच्या रिंगा साध्या ईथर नाहीत, ऑक्सिजनच्या शेजारच्या कार्बनवर आणखी एक ऑक्सिजन असतो. पण नाव तिथूनच. चहात टाकलेल्या साखरेच्या एका रेणूत एक ग्लुकोपायरानोज आणि एक फ्रुक्टोफ्युरानोज. आणि कापूस? कापूस म्हणजे सेल्युलोज, म्हणजे हजारो पायरानोज रिंगांची माळ. आख्ख्या यवतमाळ जिल्ह्याचं अर्थकारण पाच कार्बन आणि एक ऑक्सिजनच्या रिंगवर उभं आहे.

दहाच्या पुढे हे तुकडे चालत नाहीत. मोठ्या रिंगला आधी सगळे कार्बनच आहेत असं मानून नाव द्यायचं, आणि मग कुठल्या नंबरवर ऑक्सिजन बसवलाय ते 'ऑक्सा' लावून सांगायचं. फाइंड अँड रिप्लेस. उदाहरण घ्या: १,४,७,१०,१३,१६-हेक्साऑक्सासायक्लोऑक्टाडेकेन. अठरा अणूंची रिंग, सहा ठिकाणी ऑक्सिजन. हे नाव रोज कोण घेणार? ज्याने या कुळाचा शोध लावला त्या चार्ल्स पेडरसननीच सोपं करून टाकलं. रेणूचं मॉडेल मुकुटासारखं दिसतं, म्हणून १८-क्राउन-६. पेडरसन १९०४ मध्ये कोरियातल्या बुसानमध्ये जन्मले, आई जपानी. ड्यूपाँ कंपनीत नोकरी, पीएचडी कधी केली नाही. १९६७ मध्ये त्यांचा पेपर आला आणि १९८७ मध्ये क्रॅम आणि लेन यांच्यासोबत नोबेल. हा मुकुट मधल्या पोकळीत पोटॅशियमचा आयन बरोबर पकडतो.

आणि एक अपवाद, कारण पेपरमध्ये हाच विचारतात. ऑक्सिजनला नेहमी एक नंबर, असं मी म्हणालो. रिंगवर पूल बांधलेला असेल तर तो मान पुलाच्या खांबाला जातो. सर्दी झाली की वाफेच्या पाण्यात निलगिरीचं तेल टाकता ना, त्यातला मुख्य पदार्थ: १,३,३-ट्रायमिथिल-२-ऑक्साबायसायक्लो[२.२.२]ऑक्टेन. एक नंबर खांबाला, ऑक्सिजन दोनवर. १८७० मध्ये क्लोएझ या फ्रेंच केमिस्टने त्याला युकॅलिप्टॉल म्हटलं, दुसऱ्या वनस्पतीतून तोच मिळाला तेव्हा सिनिओल म्हटलं गेलं. वेलचीचा वासही बराचसा त्याचाच.

इतकी नावं झाली की आमच्या धंद्यातला माणूस विचारतो, प्रायमरी की काय? ती आहे. सीएएस नंबर. प्रत्येक पदार्थाला एकच, आधारसारखा. इथिलीन ऑक्साइड, ७५-२१-८. टीएचएफ, १०९-९९-९. तिळाचा रिपोर्ट असो की सोल्यूशनच्या डब्याची सेफ्टी शीट, नाव कुठलंही असो, हा नंबर जुळला की पदार्थ तोच.

आणि तो टाइप करताना चुकला तर पकडता येतो. शेवटचा आकडा चेक डिजिट आहे. तो बाजूला ठेवा, बाकीचे आकडे उजवीकडून घ्या, पहिल्याला एकने गुणा, दुसऱ्याला दोनने, असं पुढे, आणि बेरीज करा. ७५-२१-८ मध्ये: एक एके एक, दोन दुणे चार, पाच त्रिक पंधरा, सात चोक अठ्ठावीस. बेरीज ४८. शेवटचा आकडा आठ. जुळला. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम आहे.

कार्बोफ्युरानचा नंबर १५६३-६६-२. हा तुम्ही करून बघा. बेरीज ८२ यायला हवी. नाही आली तर कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येकाला उत्तर देतो. पुढच्या भागात याच पद्धतीने रिंगमधल्या नायट्रोजनचं बारसं करू, तिथे निकोटिन आणि कॅफिन आपली वाट बघतायत.